खूण पटवून टोपी न्यावी

जेरुसलेम, पेसाखच्या आधीचा पंधरवडा

माझ्या प्रत्येक वाक्याचे तिकीट तपासनीस श्रीयुत ओवाद्या यांस,

रहमिम गादीवाल्याचा सप्रेम शालोम. विनंती विशेष अशी की विनंती काहीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाकीट हातात पडताच तू म्हणशील, ‘रहमिमचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय.’ काहीही अडलेलं नाही. सगळं सुरळीत चाललंय. तुझी कंबर कशी आहे? गुडघा दुखतो का? गेउलाच्या घराला चार जिने आहेत म्हणे. तुझ्या वयाच्या माणसाला मुलगी चौथ्या मजल्यावर ठेवते, म्हणजे तू पळून जाऊ नयेस याची तिने चांगली सोय केली आहे. हैफाची हवा दमट, समुद्र जवळ, हे तुझ्या सांध्यांना मुळीच चांगलं नाही. (तिकीट दाखव म्हणशील. कोणत्या डॉक्टरने सांगितलं? मी सांगतोय.) आम्ही इकडे दोघेही ठणठणीत आहोत. मझाल जरा जास्तच ठणठणीत आहे, कारण पेसाखची साफसफाई सुरू झाली आहे. घरात आंबवलेल्या पिठाचा कण राहता कामा नये म्हणून तिने कपाटं भिंतीपासून ओढली, गाद्या गॅलरीत टाकल्या आणि शेवटी मलाही बाहेर काढलं. म्हणून हे पत्र सिनेगॉगात आपल्या बाकावर बसून लिहितोय.

खरं तर फोन करणार होतो. केलाही. गेउला दर वेळी गोड आवाजात सांगते, ‘रहमिमकाका, बाबा झोपलेत.’ सकाळी दहाला केला, बाबा झोपलेत. दुपारी चारला केला, बाबा झोपलेत. परवा मात्र मागून आवाज आला, ‘सांग त्याला, झोपलोय म्हणून!’ झोपेत इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्राला झोपलोय असं सांगता येत नाही. शिवाय पत्राचा एक फायदा असतो: विसरलं तर परत वाचता येतं. (रागावू नकोस. या विषयावर पुढे बोलणारच आहे.)

तू गेलास त्या दिवसापासून सांगतो, म्हणजे गोष्ट नीट लागेल. हिवाळ्याच्या तोंडावरचा सुक्कोतचा सण होऊन आठवडा झाला असेल. यंदा आपण वाचायला घेतलेल्या धर्मनियमांच्या पोथीतलं ‘हरवलं-सापडलं’ हे प्रकरण आपण नुकतंच उघडलं होतं. वास्तविक ते सुरुवातीला यायला हवं. पण तुझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची मोरी तुझ्या डोक्यावर गळत होती, आणि वरचा मजला-खालचा मजला यांच्या भांडणाचं प्रकरण पोथीत शेवटी आहे, म्हणून तू हट्ट धरलास की आधी शेवट वाचू. वाचला. शेजाऱ्याला ऐकवलाही. मोरी अजून गळते आहे. तर ते असो. ‘हरवलं-सापडलं’ उघडलं आणि तू विचारलंस, ‘मालकाने आशा सोडली असेल तर वस्तू सापडणाऱ्याची, हे ठीक. पण मालकाने आशा सोडली हे सापडणाऱ्याला कसं कळणार?’ मी सांगितलं की वस्तूवर काही खूणच नसेल तर मालक आशा सोडतोच. दुसऱ्या दिवशी तू तोच प्रश्न विचारलास. मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. तेव्हा पलीकडच्या बाकावरून त्सियोन मासेवाला हसून म्हणाला, ‘काय रे ओवाद्या, तुझी रेकॉर्ड अडकली की काय?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मी काही बोललो नाही. तू पोथी मिटलीस, म्हणालास, ‘रहमिम, माझ्या डोक्याची चाळण झाली. चांगलं डोकं असलेला कोणीतरी बघ,’ आणि चालता झालास. तो थेट हैफाला. टोपी खुंटीवर तशीच राहिली.

आता तुला वाटत असेल की तुझ्याशिवाय माझं काही चालत नाही. चूक. हिवाळाभर मी एकट्याने वाचलं. उजव्या खुर्चीत बसून बाजू मांडायची, डाव्या खुर्चीत जाऊन हरकत घ्यायची. उजव्या खुर्चीतला रहमिम फार हुशार निघाला. डाव्या खुर्चीतला नुसता मान डोलवायचा. शिवाय उठबस करून पाठ धरली ती वेगळीच.

पुरीमचा सण संपला, पेसाख महिन्यावर आला आणि गल्लीतले थोरले जागे झाले. पेसाखच्या आदल्या दिवशी घरोघरच्या थोरल्या मुलांना उपास. पण त्या सकाळी कोणी पोथी संपवली, तर संपवल्याची मेजवानी होते आणि जो त्या मेजवानीला बसेल त्याचा उपास सुटतो. इतकी वर्षं तू आणि मी बरोबर त्याच सकाळी पोथी संपवत आलो, आणि गल्लीतले सगळे थोरले आपल्या जिवावर केक आणि अरकाचे पेले झोडत आले. पोथीत काय होतं हे एकालाही विचार, सांगता येणार नाही. पण केक कोणत्या साली कोरडा होता हे सगळ्यांना पाठ आहे. मी स्वतः घरात चौथा. मला उपास नाही, मला काय पडलंय? पण थोरल्यांमध्ये खळबळ उडाली. ओवाद्या गेला, आता पोथी कोण संपवणार? दोष कोणाचा, तर त्सियोनचा. तोही थोरलाच, आणि त्याचं पोट बघता त्याच्यात दोन-तीन थोरले मावतील. सगळ्यांनी त्याला धरलं. तो खाली मान घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘रहमिम, मी बसतो तुझ्यासमोर.’

बसला. माशांचा वास आधी बसला, मग तो. मी पहिली ओळ वाचली, अर्थ लावला, थांबलो. त्सियोन म्हणाला, ‘बरोबर. पुढे.’ मी पुढची ओळ वाचली. ‘अगदी बरोबर. पुढे.’ मी मुद्दाम तद्दन खोटा अर्थ लावला, दिवसाची रात्र केली, विकणाऱ्याला घेणारा केला. ‘वा! हे तर फारच बरोबर!’ मी म्हटलं, ‘अरे त्सियोन, हरकत घे की काहीतरी!’ तो घाबरून म्हणाला, ‘मी कशाला घेऊ बाबा? माझ्या एका वाक्याने आधीच एक माणूस हैफाला गेला.’ एका सकाळी आम्ही इतकी पानं संपवली की आपल्याला हिवाळा लागला असता. थोरले खूश झाले. मी घरी गेलो आणि मझालने केलेल्या खिमा भरलेल्या कुब्ब्यांच्या रश्श्याकडे पाहत बसलो. दिवसभर मला कोणीही चुकीचं ठरवलं नव्हतं. ओवाद्या, असा वाईट दिवस मी गाद्यांचं दुकान बंद केल्यापासून पाहिला नव्हता.

मग त्सियोनने एल्नातानला आणलं. एल्नातान म्हणजे वरच्या आळीतला तो चष्मेवाला पंडित, ज्याला सगळी पोथी तोंडपाठ आहे. पानात टाचणी खुपसली तर पलीकडे कोणत्या शब्दातून निघेल तेही सांगतो. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला, म्हटलं, ‘आता इथे असा प्रश्न पडतो की...’ प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आत उत्तर आलं. त्या उत्तरावर कोणी काय हरकत घेतली ते आलं, त्या हरकतीवर कोणी काय म्हटलं ते आलं, आणि मी तोंड उघडं ठेवून बसलो तो बसलोच. बाजारात वांगी घ्यायला जावं, पिशवी उघडावी आणि दुकानदाराने त्यात शिजवलेलं भरीत ओतावं, तसं झालं. पोट भरलं, पण मला स्वयंपाक करायचा होता ना!

तिसऱ्या दिवशी मी त्याला थांबवलं. म्हटलं, ‘एल्नातान, तू फार विद्वान आहेस, पण ही हवरूता नव्हे.’ तो लगेच उभा राहून व्याख्या सांगू लागला: हवरूता म्हणजे समोरासमोर बसून, एकमेकांना प्रश्न विचारून, हरकती घेऊन शिकणं. मी म्हटलं, ते झालं काम. शब्द कुठून आला ते सांग. तेही त्याला पाठ होतं. जुन्या अरामी भाषेतला शब्द, हावेर म्हणजे मित्र, त्याच मुळाचा. म्हटलं, म्हणजे अर्थ काय झाला? ‘सोबत,’ तो म्हणाला, आणि पुढचं काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, थांब. सोबत, एवढंच? ‘एवढंच.’ मग शब्दात पोथी कुठाय? नाही. प्रश्न? नाही. उत्तर? तेही नाही. तोंडपाठ करणं? एल्नातान चष्मा पुसायला लागला. मला मात्र माझी आजी आठवली. ती झाखो गावाहून आलेली, घरात तीच जुनी भाषा मोडूनतोडून बोलायची. मित्राला तिच्याकडे याच मुळाचा शब्द होता, आणि अंधारात विहिरीवर पाठवताना ती तो वापरायची: एकटा जाऊ नकोस, कोणीतरी सोबतीला घे. तिला अक्षरओळख नव्हती. शहाण्या लोकांना शिकण्यासाठी शब्द हवा होता तेव्हा त्यांनी शाळेतला नाही उचलला, विहिरीच्या वाटेवरचा उचलला. (तिकीट दाखव म्हणशील. तिकीट नाही. हे माझं मला वाटतं. पण तू असतास तर निदान मागितलं असतंस.)

एल्नातान निघून गेला. रागाने नाही, जाताना म्हणाला की मला असा कोणी भेटत नाही. मला त्याची दया आली. इतकं सगळं पाठ असल्यावर त्याच्या समोर कोण बसणार?

मग मी मझालला म्हटलं, तू बस. तिने हातातलं फडकं न सोडता विचारलं, ‘आणि काय करू?’ म्हटलं, मी जे म्हणेन त्याला विरोध कर. ती म्हणाली, ‘चाळीस-पंचेचाळीस वर्षं घरात फुकट करते आहे तो पुरत नाही वाटतं?’ आणि पोथी माझ्या हातातून घेऊन गॅलरीत गेली. पेसाखच्या आधी पुस्तकंही झटकावी लागतात, पानापानांतून चुरा निघतो. तिने पोथी उलटी धरून गदगदा हलवली आणि खालच्या अंगणात तिळांचा पाऊस पडला. तुझ्या तिळाच्या कडबोळ्यांचे तीळ, ओवाद्या! वाचता वाचता कडाकडा खायचास ना? दर पानात तुझा चुरा. वरचा मजला-खालचा मजला या प्रकरणात तर अर्धं कडबोळं सापडलं. शेजाऱ्यावर तू फारच चिडला असशील तेव्हा. मझाल झटकत राहिली आणि मग एकदम थांबली. म्हणाली, ‘थोडे राहू दे का रे?’ ती, जी पेसाखच्या आधी दाराच्या बिजागऱ्या टाचणीने साफ करते! मी म्हटलं, नको, झटक. पण मला डोळे पुसावे लागले. पिठाचा कण गेला असेल.

आता टोपीचं. सिनेगॉगला चुना मारायचा होता, तर व्यवस्थापक म्हणाले, ही तपकिरी टोपी कोणाची, टाकून देऊ का. मी म्हटलं, खबरदार! आम्ही ‘हरवलं-सापडलं’ वाचतोय आणि सापडलेली टोपी कचऱ्यात? मी रीतसर दारावर पाटी लावली: ‘एक टोपी सापडली आहे. मालकाने खूण पटवून न्यावी.’ दुसऱ्याच दिवशी त्सियोन हजर. म्हणाला, ‘माझी आहे.’ खूण सांग म्हटलं. ‘आत घामाचा डाग आहे.’ म्हटलं, तो तर जगातल्या सगळ्या टोप्यांना असतो. तेव्हा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘दे रे, मी हैफाला घेऊन जातो. बरोबर एक चांगला मासा नेतो आणि ओवाद्याचे पाय धरतो. मला काय माहीत होतं तो इतका मनाला लावून घेईल?’ मला दया आली, पण नियम तो नियम. खुणेशिवाय टोपी नाही. सगळ्यांनी मान डोलावली. रहमिम म्हणतो म्हणजे बरोबरच असणार.

तर असं सगळं छान चाललं आहे. उरलेली पानं मी परवा एका बैठकीत संपवली. पेसाखच्या आदल्या सकाळी मेजवानी ठरली आहे, केक सांगितला आहे, थोरले दाढ्या करून तयार आहेत. तू काळजी करू नकोस, हैफाची हवा खा, दुपारी झोप, सकाळी झोप, फोन आला की जास्त झोप. गेउलाला आशीर्वाद. मझाल तुला शालोम सांगते आणि विचारते की कुब्बे कसे पाठवावेत, फुटतात.

तुझा, आणि कोणाच्याही विरोधाशिवाय सुखी असलेला,
रहमिम

ता. क. – टोपीबद्दल एक राहिलं. मालक कोण हे गल्लीला माहीत असताना खूण कशाला मागायची? तसं असेल तर सरळ नेऊन द्यायची असते. खूण अनोळखी माणसाकडून मागतात. हे शाळेचा दुसराच दिवस असलेलं पोरही सांगेल. मी ही चूक मुद्दाम केली. मोठ्या अक्षरांत दारावर लावली. म्हटलं, बघू कोण हरकत घेतो. पाटी लावून किती दिवस झाले, येणारेजाणारे वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. ओवाद्या, तू पहिल्या पायरीवरूनच ओरडला असतास.

ता. क. दुसरी – पोथी संपलेली नाही. उरलेली पानं सोड, ‘हरवलं-सापडलं’चं पहिलं पानही संपलेलं नाही. त्सियोनबरोबर वाचलेलं मी वाचलं असं धरत नाही. मी अजून त्याच ओळीवर आहे जिथे तू मला सोडून गेलास. त्या तिसऱ्या दिवशी मी गप्प बसलो ते तुझी कीव आली म्हणून नव्हे. तू तिसऱ्यांदा विचारलंस, मी तिसऱ्यांदा तेच उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की ते उत्तरच नाही. आशा सोडायची ती माणसाच्या आत सोडायची. बाहेरून कोणाला काय दिसणार? पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी हुशार होतो. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी पाठांतर केलं. तिसऱ्यांदा मी हरलो, आणि तू समजलास की तूच हरलास. तू विसरला नसतास तर तिसऱ्यांदा विचारलं नसतंस, आणि मी मरेपर्यंत चुकीचं उत्तर शहाणपणाने सांगत राहिलो असतो. एल्नातान काही विसरत नाही म्हणून काही विचारत नाही. असली हवरूता घेऊन मी काय करू?

ता. क. तिसरी, आणि ही गेउलाला मोठ्याने वाचून दाखव, कारण वस्तू तिला सापडली आहे. माझी एक वस्तू हरवली आहे. मालक मी. खुणा देतो: टक्कल, टोपीविना बहुतेक उन्हाने लाल झालेलं. उजव्या खिशात तीळ. दर वाक्याला ‘तिकीट दाखव’ म्हणतो. फोन वाजला की झोपतो. खूण पटली असेल तर वस्तू मालकाला पोहोचती करणं सापडणाऱ्याचं कर्तव्य आहे. आणि मालकाने आशा सोडली असेल असं समजू नये. सोडलेली नाही. आता बाहेरून दिसावं म्हणूनच लिहून देतोय.

ता. क. शेवटची – सोबत बसचं तिकीट जोडलं आहे. ते त्सियोनने काढलं, आणि परतीचं काढायचं विसरला. त्याला मी काही बोललो नाही. जिने उतरताना गेउलाचा हात धर. वाटेत कुठे निघालास ते विसरलास तर हे पत्र ड्रायव्हरला दाखव. आणि इथे पोहोचेपर्यंत तुझा प्रश्न विसरलास, तरी घाबरू नकोस. प्रश्न मी जपून ठेवला आहे. उत्तर माझ्याकडे नाही.